पावसाचा खंड, धानाची तहान आणि करपा : शंभर वर्षांच्या संशोधनाची गोष्ट



रोवणा आटोपल्यावर पावसानं दहा-बारा दिवस दडी मारली, की आमच्या एकोडी-साकोली पट्ट्यात दोन गोष्टी पाठोपाठ होतात. आधी बरडीच्या बांध्यांना भेगा पडतात. मग आठवड्याभरात धानाच्या पानांवर ठिपके दिसू लागतात. लगेच औषधाच्या दुकानात गर्दी होते आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "करप्यावर काय मारू?"

पाण्यावाचून धान वाळतो आणि बुरशीनं करपतो, ही दोन संकटं आपण वेगवेगळ्या खात्यात लिहितो. एकाचा दोष पावसाला, दुसऱ्याचा रोगाला. पण माझ्या वहीतल्या शेतनोंदी बघितल्या तर ठिपके पहिल्यांदा दिसतात ते बांधीच्या उंच कोपऱ्यात, जिथलं पाणी आधी आटतं. खालच्या बांधीत तोच वाण, तोच पऱ्हा, तेच खत, तरी रोग उशिरा आणि कमी. असं का होतं, याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं लागली. ती गोष्ट आज सांगतो. थोडी लांब आहे, पण धान उत्पादकाच्या खिशाशी तिचा थेट संबंध आहे.

आधी हवा, मग बुरशी

पिकाचा रोग म्हणजे खराब हवेचा किंवा देवाच्या कोपाचा परिणाम, असं जगभर मानलं जायचं. आपल्या उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात नोकरी केलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यानं १८४४ साली छापलेल्या पुस्तकात गव्हावरच्या तांबेऱ्याचं वर्णन केलं आहे. शेतंच्या शेतं तांबड्या भुकटीनं भरलेली, आणि गावकरी म्हणतात की हे कुणाच्या तरी पापाचं फळ.

१८४५ नंतर युरोपात बटाट्यावरच्या करप्यानं आयर्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला. १८६१ साली जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यानं दाखवून दिलं, की रोगट पानावर दिसणारी बुरशी हा रोगाचा परिणाम नसून तीच रोगाचं कारण आहे. तिथून वनस्पती रोगशास्त्राचा पाया पडला. भारतात १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथं संशोधन संस्था निघाली. तिथले एडविन बटलर यांनी १९१८ साली बुरशी आणि पिकांचे रोग यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच पुसाला एरंडीवरच्या बुरशीचा अभ्यास करून नाव कमावलेले जहांगीर दस्तूर पुढं मध्य प्रांत सरकारचे बुरशीतज्ज्ञ म्हणून नागपूरला आले. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांतातच होता.

बुरशी सापडली हे चांगलंच झालं, पण त्यामुळं एक नवी सवयही लागली. रोग म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे फवारा. बुरशीचे बीजाणू तर दरवर्षी हवेत असतातच. मग रोग दरवर्षी सारखा का येत नाही? एकाच गावात एका बांधीत येतो आणि दुसरीत नाही, असं का? हे प्रश्न मागं पडले.

बंगाल, १९४२

धानाच्या रोगांच्या इतिहासातलं सगळ्यात काळं पान बंगालचं आहे. १९४२ च्या खरिपात तिथं धानावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पसरला. हा रोग आपल्याकडंही आहे. पानावर तिळाएवढे गोल-लांबट तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळी कडा दिसते. (करप्याचा ठिपका वेगळा. तो डोळ्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि मधे राखेच्या रंगाचा असतो.)

एस. वाय. पद्मनाभन नावाचे तरुण बुरशीतज्ज्ञ ऑक्टोबर १९४३ मध्ये बंगालमध्ये नोकरीवर रुजू व्हायला निघाले, तेव्हा वाटेत त्यांना भुकेनं मेलेली माणसं दिसली. पुढं ते कटकच्या केंद्रीय धान संशोधन संस्थेचे संचालक झाले. ही संस्था १९४६ साली, त्या दुष्काळानंतर उभी राहिली. १९७३ साली त्यांनी या रोगाबद्दल एक लेख लिहिला. बांकुडा आणि चिन्सुरा इथल्या संशोधन केंद्रांवरचे १९४१ आणि १९४२ चे आकडे त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. काही वाणांचं उत्पादन ९० टक्क्यांपर्यंत घटलं होतं.

त्या दुष्काळात १५ लाख ते ३० लाख माणसं गेली असे वेगवेगळे अंदाज आहेत. एवढ्या मरणाचा दोष एकट्या बुरशीवर टाकता येत नाही. युद्ध, भाववाढ, सरकारी धोरण यांनीच माणसं मारली, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात आकड्यांनिशी मांडलं. पण धान उत्पादकासाठी पद्मनाभन यांच्या लेखात एक वेगळा धडा आहे. त्यांच्या मते १९४२ च्या शेवटच्या महिन्यांत बंगालमध्ये ढगाळ, पावसाळी, उबदार हवा टिकून राहिली आणि तीच रोगाला मानवली. म्हणजे तिथं रोग ओलीनं वाढला. आपल्याकडं मात्र हाच रोग हलक्या, तहानलेल्या, पोटॅश कमी असलेल्या जमिनीत जास्त दिसतो.

हा विरोध वाटतो, पण तसा नाही. बुरशीला आत शिरायला पानावर काही तास ओल हवी, आणि झाड अशक्त हवं. बंगालला ओल भरपूर मिळाली. आपल्याकडं झाड अशक्त मिळतं. आणि ओल? ती रात्रीच्या दवातून येते.

दिवसा तहान, रात्री दव

खंड पडला की आभाळ मोकळं होतं. मोकळ्या आभाळाखाली रात्री पानं गार होतात आणि पहाटेपर्यंत दवानं चिंब भिजतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर सकाळी धुऱ्यावरून चाललं की धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मुळाशी पाणी नाही आणि पानावर पाणी आहे. बुरशीला याहून चांगली सोय कोणती?

करप्याची बुरशी पानात कशी शिरते हे १९९१ साली मोजलं गेलं. दवाच्या थेंबात बीजाणू रुजतो, पानाला घट्ट चिकटतो आणि एक गोल काळी घुमटी तयार करतो. त्या घुमटीत पाण्याचा दाब वाढत वाढत सुमारे ८० वातावरणांपर्यंत जातो. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दोन-सव्वादोन वातावरण असतो, म्हणजे हा त्याच्या तीस-चाळीस पट. त्या दाबानं सुईसारखं टोक पानाच्या सालीतून आत घुसतं. घुमटीची भिंत काळ्या रंगद्रव्यामुळं हा दाब धरून ठेवते. ट्रायसायक्लॅझोल हे औषध नेमकं ते रंगद्रव्यच बनू देत नाही. म्हणून ते बुरशी शिरण्याआधी मारलं तर उपयोगी. पान राख झाल्यावर मारलेलं औषध जुना ठिपका भरून आणत नाही. आणि तपकिरी ठिपके असतील तर या औषधावर विसंबून चालत नाही, कारण ते करप्याच्याच बुरशीसाठी बनलेलं आहे. आधी ठिपका ओळखा, मग दुकानात जा.

पानातली वाळू

धानाचं पान हाताला कापतं हे रोवणाऱ्या बायकांना सांगायला नको. पानात सिलिका असते, म्हणजे साध्या भाषेत वाळूचाच प्रकार. धानाच्या वाळलेल्या तणसात वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत सिलिका सापडते. पानाच्या सालीखाली तिचा थर बसतो आणि तो चिलखतासारखं काम करतो.

१९१७ साली जपानमध्ये ओनोदेरा यांनी करप्यानं धरलेल्या आणि निरोगी धानाचं रासायनिक पृथक्करण केलं. रोगट धानात सिलिका कमी निघाली. त्यावर जपानमध्ये पुढं इतकं काम झालं, की १९५५ साली तिथल्या सरकारनं पोलाद कारखान्यातली सिलिकायुक्त मळी धानाचं खत म्हणून मान्य केली. २००६ साली जपानमधल्याच संशोधकांनी धानाच्या मुळातला सिलिका आत घेणारा जनुक शोधला.

आता याचा पाण्याशी संबंध बघा. मातीतली सिलिका पाण्यात विरघळूनच मुळाकडं येते. बांधीत पाणी उभं असलं की ती जास्त मोकळी होते. बांधी सुकली की विरघळलेली सिलिका कमी, मुळांचं शोषण कमी. म्हणजे खंडाच्या काळात निघालेलं नवं पान चिलखत न घालताच बाहेर पडतं. खालच्या बांधीत आणि उंच कोपऱ्यात फरक का दिसतो, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे.

हे ज्ञान महाराष्ट्रात धानाच्या बांधीपर्यंत आणलं ते डॉ. एन. के. सावंत यांनी. त्यांच्या चारसूत्री भात शेतीचं पहिलं सूत्रच मुळी धानाचे अवशेष परत धानाला देण्याचं आहे. पऱ्ह्याच्या गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख, आणि शेतात तणस. राखेतून सिलिका मिळते, तणसातून सिलिका आणि पोटॅश दोन्ही. आपल्या भागात राइस मिल ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांच्या मागं राखेचे ढीग पडलेले असतात.

झाडाची निरोपानिरोपी

उरलेलं अर्धं उत्तर झाडाच्या आत आहे. १९६९ साली इंग्लंडमध्ये गव्हाची पानं कोमेजू दिली आणि तपासली, तर त्यांत अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक झपाट्यानं वाढलेलं दिसलं. हा झाडाचा तहानेचा निरोप. तो मिळाला की पानाची सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि पाणी वाचतं. दुष्काळात झाड जगवायला हा निरोप लागतोच.

पण त्याची किंमत मोजावी लागते. एका मोटारीवर दोन पाइप जोडले तर एकाला जोर दिला की दुसऱ्याचं पाणी कमी होतं, तसं झाडाचं आहे. तहानेचा निरोप जोरात असला की रोगाशी लढण्याचा निरोप मंदावतो. २००४ साली जपानमधल्या प्रयोगात अ‍ॅब्सिसिक आम्ल दिलेल्या धानाची करप्याविरुद्धची प्रतिकारशक्ती दबली. त्याआधीच, १९८८ साली, फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय धान संशोधन संस्थेत गिल आणि बॉनमन यांनी पाण्याचा ताण दिलेल्या धानावर करपा जास्त येतो हे दाखवलं होतं. २०१६ साली फ्रान्समधल्या गटानं अधूनमधून पाणी तोडून प्रयोग केला. तेच निघालं. पाणी तोडायचं, मग द्यायचं, मग पुन्हा तोडायचं. आपण याला पावसाचा खंड म्हणतो, ते प्रयोगशाळेत मुद्दाम करतात.

इथं कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१० साली बेल्जियममधल्या संशोधकांना तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीबाबत उलटं दिसलं. तेच अ‍ॅब्सिसिक आम्ल तिथं धानाला वाचवत होतं. म्हणजे एकच संप्रेरक एका रोगाला दार उघडतं आणि दुसऱ्याला लावतं. तरीही शेतात तपकिरी ठिपके कोरड्या, भुकेल्या जमिनीतच जास्त दिसतात, कारण तिथं पोटॅश आणि सिलिकाची उपासमार संप्रेरकाच्या मदतीपेक्षा भारी पडते. त्यामुळं "झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारी" म्हणून एखादी बाटली कुणी पुढं केली, तर एवढंच विचारा, "कोणत्या रोगाविरुद्ध?" सगळ्या रोगांना पुरणारी एकच शक्ती नसते.

धानानंतरचं पीक

धान निघाल्यावर त्याच बांधीत आपण हरभरा, लाखोळी, जवस घेतो. हरभऱ्याला फुलोऱ्यात ओल संपली आणि ऊन तापलं, की झाडं अचानक वाळतात. उपटलं तर मूळ काळं, ठिसूळ, हातात तुटतं. ही कोरडी मूळकूज. तिची बुरशी धानाच्या बुरशीपेक्षा वेगळी. हिला कोरडी, तापलेली जमीनच मानवते.

हीच बुरशी सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीत खडखड्या रोग करते. ताटाचा खालचा भाग आतून पोकळ होतो आणि दाणा भरताना ज्वारी लोळते. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅटमध्ये सीताराम आणि सहकाऱ्यांनी या रोगावर एक सोपा प्रयोग केला. तो १९८७ साली छापला गेला. शेताच्या मधोमध तुषार सिंचनाची एकच ओळ टाकली. ओळीजवळ पाणी भरपूर, दूर जावं तसं कमी. बुरशी सगळीकडं होती, पण पाण्यापासून जितकं दूर, तितका खडखड्या जास्त. अमेरिकेतल्या डॉड यांनी त्याचं कारण आधीच मांडलं होतं. दाणा भरायला साखर लागते. तहानलेलं पान ती पुरेशी बनवत नाही, मग झाड ताट आणि मुळातली साठवण काढून दाण्याला देतं. मूळ उपाशी पडतं आणि बुरशी त्यालाच खाते. आई स्वतः न जेवता लेकराला वाढते आणि मग आजारी पडते, तसंच हे.

तलाव म्हणजे रोगाचंही औषध

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं पिढ्यानपिढ्या पाळी बांधून तलाव उभे केले. तलाव, बोडी आणि त्याखाली उतरत्या बांध्या, अशी ती रचना. हे तलाव कशासाठी बांधले? पाऊस ठीक असला तर सावन-भादव्यात त्यांची फारशी गरज नसते. ते खंडासाठी होते, आणि धान निसवताना शेवटचं पाणी देण्यासाठी. करप्याचा दुसरा हल्ला, मानमोडी, याच निसवण्याच्या वेळी येतो. लोंबीची मान काळी पडते आणि दाणा पोचट राहतो.

१९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडं गेले. गावाची तलावावरची नजर हळूहळू हटली. गाळ साचला, पाटचाऱ्या बुजल्या, पोटात अतिक्रमणं झाली. यात बुडालेलं सिंचन आपण हेक्टरमध्ये मोजतो. पण एका खात्यात ते कधीच लिहिलं जात नाही, ते म्हणजे औषधाच्या खर्चात. खंडाच्या आठवड्यात तलावातून एक पाणी मिळालं असतं, तर धानाला सिलिका मिळाली असती, तहानेचा निरोप गेला नसता आणि दव पडूनही पान टिकलं असतं. ते पाणी गेलं आणि त्या जागी बाटली आली.

फवारणी करू नका असं मी म्हणत नाही. करप्याला बळी पडणारा वाण आहे, दव पडतंय, मागच्या वर्षी मानमोडी होती, तर निसवण्याच्या आधी योग्य औषध, लेबलवरच्या मात्रेत, मारावंच लागतं. पण ती शेवटची पायरी. आधीच्या पायऱ्या मी माझ्या बांधीत अशा लावतो :

१. रोवण्याआधी धुरे. खेकड्यांची बिळं आणि गळक्या जागा बुजवणं. बांधीत दोन बोटं पाणी चार दिवस जास्त टिकलं, तरी खंडाचा मार कमी होतो.

२. पऱ्ह्यात तुसाची राख. तणस जाळत नाही. जनावरांना घालून उरलेलं शेतात जातं.

३. युरिया तीन वेळा विभागून. खंडानंतर पहिला पाऊस आला की लगेच युरिया फेकत नाही. सुकून पुन्हा भिजलेल्या जमिनीतून नत्र आपोआप मोकळं होतं, त्यावर आणखी दिलं तर पान हिरवंगार पण लुसलुशीत होतं आणि करप्याला तेच आवडतं. ठिपके दिसत असतील तर युरिया थांबवतो.

४. पाणी थोडंच असेल तर आधी उंच बांधीला आणि निसवणाऱ्या धानाला.

५. बरडीवर भारी धान घेत नाही. ऑक्टोबरातली तहान आणि दव एकाच वेळी झेलायला हलका किंवा मध्यम वाणच बरा. वाण निवडताना साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात करपा आणि कोरड, दोन्हीबद्दल विचारतो. एकाबद्दल विचारून भागत नाही.

६. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुमाराला एक हलकं पाणी, जमलं तर. आणि ज्या तुकड्यात मूळकूज आली, तिथं पुढच्या वर्षी हरभरा नाही.

या खंडात एक काम करून बघा. बांधीचा उंच कोपरा आणि खालचा कोपरा, दोन्हीकडं दहा-दहा चूड निवडा. खुणेची काडी रोवा. पाणी कधी आटलं ती तारीख लिहा, पहिला ठिपका कधी दिसला ती लिहा, आणि कापणीला दोन्हीकडच्या लोंब्या वेगळ्या झोडून वजन करा. पाटणचेरूच्या प्रयोगात पाण्याची एक ओळ होती. आपल्या बांधीला उतार आहे, तो तेच काम फुकटात करतो. पाच-दहा गावांच्या अशा वह्या एकत्र आल्या, तर ग्रामसभेत तलावाचा गाळ काढायचा ठराव मांडताना हातात फक्त तक्रार नसेल, किलोमधला हिशेब असेल.